अकरा मिलिमीटर

माझं नाव आकाराम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणालाही 'आकाराम मिस्त्री' विचारा. लोक आधी पत्ता सांगतील आणि मग बजावतील की म्हातारा चिडका आहे, जपून बोला. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. चाळीस वर्षं मी फौंड्रीसाठी पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना. पंप असो की ट्रॅक्टरचा एखादा भाग, आधी मी तो लाकडात घडवायचा, मग त्याच्याभोवती वाळू दाबून साचा करायचा आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. माझं लाकूड चुकलं की शंभर लोखंडी नग चुकलेच. चाळीस वर्षांत माझ्यामुळे एकही नग परत आला नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी पुरेशा जोरात सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी काम थांबवलं आणि अर्धी शेड पुतणीला गॅरेजसाठी दिली. तेजस्वी ही माझ्या धाकट्या भावाची मुलगी. इंजिनियर झाली, पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात पाच वर्षं राहिली आणि एके दिवशी बॅग उचलून परत आली. म्हणाली, "तात्या, पाच वर्षं एकाच दरवाज्याच्या बिजागरीवर बसवलं मला. मला अख्खी गाडी पायजे." भावाने कपाळाला हात लावला. मी मात्र खूश झालो. पोरगी माझ्याच वळणाची आहे. फरक एवढाच की मी तापलो की गल्लीला ऐकू जातं आणि ती तापली की गप्प होते.

तिला अख्खी गाडी मिळायला दीड वर्ष लागलं. तोवर क्लच प्लेटा बदल, गिअरबॉक्स उघड, असंच चाललं होतं. मग गेल्या जानेवारीत हातकणंगल्याचे अमरसिंह ट्रेलरवर एक गाडी घालून आले. अमरसिंहांचा वीस एकर ऊस आणि तीस म्हशी. त्यांच्या वडिलांच्या पंपाचा पॅटर्न मीच केला होता, तेव्हापासूनची ओळख. ट्रेलरवरची गाडी त्याच वडिलांची होती. सदुसष्ट सालची विलायती स्पोर्ट्स कार, दोनच सीटची, वरून उघडी, आणि नाकापुढे ही एवढी लांब बॉनेट. पेट्रोल परवडत नाही म्हणून कुणीतरी मधेच तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. तेव्हापासून ती दिसायला राणी आणि आवाजाला मळणी यंत्र झाली होती.

"मिस्त्री," अमरसिंह म्हणाले, "मागच्या दिवाळीत पन्हाळ्याला चाललो हुतो. पावणं सोबत. शेवटच्या वळणावर बसली बघा खाली. उसाच्या ट्रॅक्टरनं ओढून न्यावी लागली. सगळा घाट बघून हसतोय."

"मग आता काय करायचं म्हणतासा?"

"इंजिन बदलायचं. ती स्वतःच्या ताकदीनं पन्हाळा चढली पायजे."

मी तेजस्वीकडे बोट केलं. अमरसिंहांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "मला इंजिनमधलं काय कळत न्हाय. तिला कळतंय." त्यांनी मान हलवली, पण ती मान माझ्या भरवशावर हलली होती. ते मला तेव्हाही समजलं आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

आठ दिवस तेजस्वी त्या गाडीखालून बाहेर आली नाही. नवव्या दिवशी तिने शेडच्या भिंतीवर मोठा पांढरा कागद चिकटवला आणि अमरसिंहांना बोलावून सगळा बेत समजावला. इंजिन जिप्सी गाडीचं घ्यायचं, तेराशे सीसीचं, पेट्रोलवरचं. त्या डिझेल धोंड्यापेक्षा कितीतरी हलकं, म्हणजे गाडीचं नाक वर उठणार आणि वळताना अंग टाकणार नाही. गिअरबॉक्सही जिप्सीचाच, पाच गिअरचा. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यायचा. मागच्या एक्सलमधली क्राउन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी बदलायची, कारण ती संथ डिझेलसाठी बसवलेली होती आणि भराभर फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनला तिने चढावर दमवून मारलं असतं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक.

"ब्रेक कशाला?" अमरसिंहांनी विचारलं. "मी तर चढायचं म्हणालो हुतो."

"चढलेली गाडी उतरणार हाय की न्हाय, दादा?"

अमरसिंह हसले. मी मनातल्या मनात पोरीच्या पाठीवर थाप मारली.

कागदाच्या तळाशी तिने लाल शाईने एकच ओळ लिहिली होती: चासीला हात लावायचा नाही. त्या गाडीत सदुसष्ट सालचं असं आता फारसं काही उरलं नव्हतं. सीट बदललेल्या, रंग बदललेला, इंजिन तर गेलेलंच. फक्त खालची लोखंडी चौकट, म्हणजे चासी, तेवढी मूळची होती, तिच्यावरच्या नंबरासकट. शिवाय इंजिन बदलायच्या परवानगीसाठी आरटीओत जो अर्ज दिला होता, त्यात चासी आहे तशीच राहील असं तेजस्वीने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं.

इंजिन बेळगावात एका जिप्सीवाल्याकडे मिळालं. आम्ही दोघं बघायला गेलो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून स्टँडवर ठेवलेले होते. एकाच टेपने दोघांनी माप घेतलं: पुढच्या पुलीपासून गिअरबॉक्सच्या शेपटापर्यंत अकराशे मिलिमीटर. गाडीत पुढच्या रेडिएटरपासून मागे चासीच्या आडव्या दांड्यापर्यंत तेजस्वीने मोजलेली जागा होती अकराशे नऊ. नऊ मिलिमीटर मोकळे राहत होते. ती म्हणाली, पुरेत. पण बेळगाववाल्याची अट होती की एकदा माल टेम्पोत चढला की परत घेणार नाही, आणि अमरसिंहांना धीर धरवत नव्हता.

तेव्हा मीच म्हणालो, "मी लाकडाचं इंजिन करून देतो. हुबेहूब. गाडीत बसवून बघा, मगच खरं आणा."

कल्पना सगळ्यांना पसंत पडली. मला तर फारच. दीड वर्ष रिकामा बसलेला माणूस मी. जुन्या सागवानाच्या फळ्या काढल्या, रंधा पाजळला आणि बारा दिवसांत इंजिन उभं केलं. ब्लॉक, हेड, ऑइलचं खालचं पात्र, पुढची पुली, मागे गिअरबॉक्स त्याच्या शेपटासकट. वर दोन हात पॉलिश. आजूबाजूच्या लेथवाल्यांनी चहा सोडून येऊन बघितलं. एकजण म्हणाला, मिस्त्री, चावी लावली तर सुरू होईल. त्या दिवशी मी घरी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आमच्या उद्यमनगरात एक रीत आहे. मिस्त्रीने 'झालं' म्हटलं की त्याच्या लाकडावर दुसऱ्याने टेप लावायचा नाही. टेप लावला म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटा म्हटल्यासारखं होतं. माझ्या लाकडावर चाळीस वर्षांत कुणी टेप लावला नाही.

शुक्रवारी अमरसिंह आले. वेल्डिंगवाला राजवीर चेन-पुली ओढायला आला. जुनं डिझेल इंजिन आधीच काढलेलं होतं. माझं लाकडी इंजिन साखळीने वर उचललं, बॉनेटच्या जागी आणलं आणि हळूहळू खाली सोडलं. अर्ध्यात मस्त उतरलं. मग मागचं शेपूट चासीच्या आडव्या दांड्यावर टेकलं आणि थांबलं. पुढे ढकललं तर पुली रेडिएटरला अडायची, मागे ढकललं तर शेपूट दांड्याला. राजवीर खाली वाकून म्हणाला, "दोन मिलिमीटर कमी पडतंय, मिस्त्री."

 तेजस्वी गाडीखाली गेली, जागा पुन्हा मोजली, बाहेर आली. "अकराशे नऊ," ती म्हणाली.

"अकराशे नऊ असती तर अकराशेचं इंजिन अडलं असतं व्हय?" मी विचारलं. मी खिशातून माझी घडीची स्टीलची पट्टी काढली. तीस वर्षं माझ्या खिशात राहून तिच्यावरची कंपनीची अक्षरंसुद्धा पुसून गेली आहेत. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मी लाकडी इंजिनाची लांबी त्या पट्टीने मोजली. "बघा, अमरसिंह. तुम्हीच वाचा."

अमरसिंहांनी वाकून वाचलं. "अकराशे. बरोब्बर."

"म्हणजे जागा कमी हाय. ह्या अंधाऱ्या वाकड्या बोळात टेप घातला की टेप वाकतो. लाकूड वाकत न्हाय."

तेजस्वी म्हणाली, "तात्या, मी तीनदा मोजलंय. सरळ पाइप घालूनबी मोजलंय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "लॅपटॉपातलं इंजिन कुठंबी बसतंय, पोरी. त्याला कशाचा अडथळा?"

राजवीर हसला. अमरसिंह हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा बदलला. तेजस्वी गप्प झाली. ती गप्प होते तेव्हा काय होतं ते मला माहीत होतं, तरी मी थांबलो नाही. म्हणालो, चासीचा आडवा दांडा कापा, थोडा मागे घ्या, पुन्हा वेल्ड करा, राजवीर अर्ध्या दिवसात करेल.

"चासी कापायची न्हाई," तेजस्वी म्हणाली. "मी लिहून दिलंय."

अमरसिंह बराच वेळ गाडीभोवती फिरले. मग म्हणाले, "हे बघ, पोरी, तुझ्यावर माझा राग न्हाय. पण मिस्त्रींचं माप आजवर चुकलेलं मी बघितलं न्हाय. सोमवारी सकाळी धा वाजता राजवीर दांडा कापंल. तुला पटत नसंल तर मी ट्रेलर घेऊनच येतो, गाडी पुण्याला नेतो. तिथं कापून देणारं हाईत."

म्हणजे कापली काय आणि पुण्याला गेली काय, तिची पहिली अख्खी गाडी तिच्या हातून जाणार होती. आणि उद्यमनगरात बोभाटा झाला असता की पोरीला साधी जागा मोजता येत नाही. हे मला त्याच क्षणी दिसत होतं. पण माझं माप बरोबर होतं, मग मी काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं.

शनिवारी मी शेडवर गेलोच नाही. घरी शिवाजी पेठेत बसून पेपर तीनदा वाचला. रविवारी सकाळी माझी बायको शालूबाई समोर येऊन उभी राहिली. "आता दोन दिवस घरात हाईसा तर स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात फळी बसवा. मिक्सर ठेवायचाय. जगाचं लाकूड केलंसा, माझ्या घरात एक फळी न्हाय."

हे चाळीस वर्षांचं रडगाणं आहे आणि ते खरं आहे. मी तिच्या शिवणाच्या टेपने कोनाडा मोजला. बरोबर साठ सेंटिमीटर. अंगणात एक पट्टा होता सागवानाचा. खिशातली पट्टी काढली, खूण केली, करवतीने कापला, काचकागद मारला, आणि मोठ्या ऐटीत आत नेला. फळी कोनाड्याच्या तोंडाशी अडली.

"मोठी हाय," शालूबाई म्हणाली.

"कोनाडा लहान हाय," मी म्हणालो. "जुनं बांधकाम, भिंत वाकडी असणार."

शालूबाईला उद्यमनगरची रीत माहीत नाही. असती तरी तिने पाळली नसती. तिने गळ्यातला टेप काढला, सरळ माझ्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "साठ आणि वर सहा मिलिमीटर."

मी तिच्यावर खेकसणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. आणि तसाच उघड्या तोंडाने उभा राहिलो.

वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं. शंभराला एक, साधारण. म्हणून पॅटर्न नेहमी तेवढा मोठा करावा लागतो, म्हणजे थंड झालेला नग बरोबर मापाचा निघतो. आता प्रत्येक मापाला हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिच्यावर शंभर सेंटिमीटर लिहिलेलं असतं, पण ती खरी असते एकशे एक. आकसणं तिच्यातच धरलेलं असतं. माझ्या खिशात तीस वर्षं तीच पट्टी आहे. साधी पट्टी मी कधी बाळगलीच नाही, कारण पॅटर्नशिवाय दुसरं काही मी कधी केलंच नाही. घरची फळीसुद्धा नाही.

लाकडी इंजिन पॅटर्न नव्हतं. त्याच्यावरून काही ओतायचं नव्हतं, काही आकसणार नव्हतं. मी अकराशेचं इंजिन अकराशे अकराचं केलं होतं. आणि त्याच पट्टीने मोजून अमरसिंहांना वाचायला लावलं होतं. लेथवाला असता तर त्याच्या हातून ही चूक झाली नसती. सुतार असता तर झाली नसती. ती फक्त माझ्यासारख्याच्याच हातून होऊ शकत होती.

शंभराला एक म्हणजे साठाला सहा मिलिमीटर. अकराशेला अकरा. मी तिथेच पाटावर बसलो.

"काय झालं?" शालूबाईने विचारलं. "छातीत दुखतंय काय?"

"न्हाय. तेजस्वीचं माप बरोबर हाय."

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मधूनमधून फळीकडे बघत होती. सांगून झाल्यावरही मला हलकं वाटलं नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. कारण एक वाट अगदी सोपी होती. मी काहीच बोललो नाही तर सोमवारी दांडा कापला जाईल, खरं इंजिन येईल, बसेल, आणि सगळे म्हणतील की मिस्त्रींमुळे वाचलो. कुणालाही कधीच कळणार नाही. माझं नाव होतं तसं राहील. बदल्यात फक्त एक जुना दांडा आणि एका पोरीचं नाव जाईल, आणि पोरीपुढे तर अजून अख्खं आयुष्य पडलं आहे. हे सगळं मी मनात मांडलं. मांडलं नाही असं म्हणणार नाही.

"मग आता काय करू म्हणतीस?" मी विचारलं.

"कशाचं?" शालूबाई म्हणाली. "फळी तासा की. भिंत कशाला फोडतासा?"

ती मिक्सरबद्दल बोलत होती. मी फळी तासून बसवली.

सोमवारी पावणेदहाला मी शेडवर पोचलो. बाहेर अमरसिंहांचा ट्रेलर उभा होता, म्हणजे माणूस दोन्ही तयारीने आला होता. आत राजवीरने चासीच्या दांड्यावर खडूने दोन रेघा मारून ठेवल्या होत्या आणि ग्राइंडरची वायर बोर्डाला लावली होती. तेजस्वी गाडीच्या दाराशी हाताची घडी घालून उभी होती. माझ्याकडे तिने एकदा बघितलं. लाकडी इंजिन साखळीला तसंच लटकलेलं होतं.

"राजवीर, वायर काढ," मी म्हणालो.

"का वं, मिस्त्री?"

"काढ म्हणतोय न्हवं!"

त्याने काढली. मी अमरसिंहांसमोर उभा राहिलो. वाटेत चार वाक्यं जुळवून आणली होती, पण त्यातलं एकही आठवेना. म्हणून जे होतं तेच बोललो. "अमरसिंह, चूक माझी हाय. जागा अकराशे नऊच हाय, तेजस्वीनं मोजली तेवढीच. माझं लाकूड मोठं झालंय. अकरा मिलिमीटर. मी पॅटर्नची पट्टी लावली."

अमरसिंहांना पट्टीचा घोळ कळेना. मी पट्टी त्यांच्या हातात दिली आणि राजवीरचा टेप तिच्या शेजारी पसरायला सांगितला. त्यांनी दोन्ही बाकावर शेजारी शेजारी धरले. पट्टीवर शंभर होतं तिथे टेपवर एकशे एक होतं. त्यांनी टेप उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"आयला!" अमरसिंह म्हणाले. "मग आमच्या पंपाचं काय केलंसा?"

"पंप बरोबर हाय. लोखंड आकसलं, नग मापात आला. इथं आकसायला काय हाय? सागवान?"

राजवीर हसायला लागला आणि माझ्याकडे बघून थांबला. मी म्हणालो, "हस, हस. आज सूट हाय." मग मी भिंतीवरची करवत काढली, टेपने लाकडी शेपटावर अकरा मिलिमीटर मोजले, खूण केली आणि कापायला सुरुवात केली. बारा दिवस घासून पॉलिश केलेलं ते लाकूड होतं. पण करवत सरळ चालली. अकरा मिलिमीटरची चकती खाली पडली.

"सोड आता," मी राजवीरला म्हणालो.

साखळी खडखडत खाली आली. इंजिन अर्ध्यात आलं, दांड्याशी आलं, आणि दांड्याच्या अंगावरून सरळ आत उतरून बसलं. शेपूट आणि दांडा यांच्यामध्ये फट राहिली. तेजस्वी वाकली, फटीत मोजपट्टी घातली आणि म्हणाली, "नऊ." आवाजात काही नव्हतं, ना विजय, ना टोमणा. एखादी कामगार बाई दिवसाचे नग मोजून सांगते तसं तिने सांगितलं.

अमरसिंहांनी स्वतः वाकून बघितलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढून दांड्यावरच्या खडूच्या रेघा पुसल्या. तेजस्वीकडे वळून म्हणाले, "ताई, बेळगावला फोन लावा. टेम्पो मी पाठवतो. आणि ब्रेकबी तुमच्या यादीतलंच बसवा, जे काय हाय ते."

शुक्रवारी ते तिला पोरी म्हणत होते, अगं-तुगं करत होते. सोमवारी ताई आणि अहो-जाहो. मी ते ऐकलं आणि मला माझ्या अपमानाचा विसर पडला. अपमान झालाच होता, खोटं कशाला बोलू? संध्याकाळपर्यंत सगळ्या उद्यमनगराला कळणार होतं की आकाराम मिस्त्रीने लाकडाचं इंजिन आकसणार म्हणून मोठं केलं. निदान महिनाभर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसणार होता.

अमरसिंह रिकामा ट्रेलर घेऊन गेले. राजवीर चहा आणायला गेला. शेडमध्ये आम्ही दोघंच उरलो. तेजस्वी भिंतीवरच्या कागदावर पुढच्या कामांच्या तारखा टाकत होती. इंजिन, मग क्लच, मग शाफ्टची लांबी पक्की करायची. मी स्टुलावर बसून तिच्या पाठीकडे बघत होतो.

"तेजस्वी," मी म्हणालो, "तू इंजिनियर हाईस. तुला ह्यातलं काहीच लक्षात आलं न्हाय?"

ती लिहायची थांबली. "शनिवारीच आलं, तात्या. तुम्ही आला न्हाईसा. मी तुमच्या लाकडाला टेप लावला. लांबी, रुंदी, उंची, सगळीकडं शंभराला एक जास्त. एवढं सारखं दुसऱ्या कशानं चुकणार?"

"शनिवारी!" माझा आवाज चढलाच. "मग मला सांगायला काय झालं हुतं? घर काय लांब हाय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टेप रस्त्यावर फेकला असता."

  टेप नक्कीच फेकला असता, आणि मागोमाग तिलाही शेडच्या बाहेर काढलं असतं.

"वाटलं, तुमचं तुम्हाला कळंल," ती म्हणाली. "आणि कळलं की तुम्ही लपवणार न्हाईसा, एवढं माहीत होतं मला."

हे ऐकून मला रविवारी पाटावर बसून मनात मांडलेली ती सोपी वाट आठवली आणि मान वर करवेना. तिला ते कधी सांगणार नाही असं मी ठरवलं. पण दुसरी एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"आणि मी आलोच नसतो तर?"

"धापर्यंत थांबणार होते," तेजस्वी म्हणाली. ती आता पूर्ण माझ्याकडे वळली होती. "धा वाजले असते की राजवीरच्या हातातनं ग्राइंडर काढून घेतलं असतं आणि सगळ्यांच्या समोर तुमच्या लाकडाला टेप लावला असता."

"सगळ्यांच्या समोर?"

"व्हय."

"माझं नाव गेलं असतं, पोरी."

"गेलं असतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. "चासी गेली नसती."

मला राग यायला हवा होता. बासष्ट वर्षांत एवढ्या कारणावर मी कधी शांत राहिलेलो नाही. मी वाट बघितली, राग आलाच नाही. त्याऐवजी छाती भरून आली. ह्या पोरीला मी अर्धी शेड दिली तेव्हा भाऊ म्हणाला होता, दादा, तिच्यात काय बघितलंस? आता त्याला सांगता आलं असतं.

"तेजस्वी," मी म्हणालो, "पुढच्या वेळी धापर्यंतबी थांबू नगंस."